पहिली फेरी

तुमसरच्या एस.टी.च्या रांगेत पंचफुलाबाईच्या मागं एक म्हातारं जोडपं भांडत होतं. म्हाताऱ्याच्या काखेत हातभर लाकडी विमान. ते उडवायचा रेडिओचा डबा म्हातारीच्या पिशवीत.

“धावपट्टीजवळ आता उडवाचं नाही.”

“माह्या ताब्यात असते ते.”

“मंग काल खऱ्या विमानासमोर काहून गेलं? बिचाऱ्या पायलटले उतरता उतरता परत वर जा लागलं.”

“हातभर लाकूड तं आहे.”

“घारबी हातभरच असते, तरी विमान पाडते. इंजिनाच्या पंख्यात गेलं असतं तं? त्याचीबी बायको वाट पाहत असन.”

“...मंग उडवू कुठं?”

“माह्या भावाच्या बांधीत. धान कापून झालं, वर बगळ्यांशिवाय कोणी नाही.”

“बरं. डबा दे.”

“तिथं देईन. पयली फेरी मी उडवीन.”

“तुले जमन?”

“दोन वर्सं तुमच्या मागं उभी राहून पाहूनच तं राहिली मी.”