दोनशे तासांचं प्रात्यक्षिक

यमुनाबाई : चाय घेवा आणि जावा, बाई. माझा चेडू आता खंय येवचा नाय.

किशोरी : काकी, कसालहून वालावलापर्यंत दोन बस बदलून आलेय. जान्हवीला विचारू तरी द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या वर्गात यायचं आणि मुलींशी बोलायचं.

यमुनाबाई : काय बोलूचा?

किशोरी : ती आमच्या दोन हजार पाचच्या पहिल्या बॅचची. रुग्णसहायिकेचा कोर्स केला आणि मुंबईला नोकरीला लागली. आता ज्या मुली शिकतायत त्यांचा धीर सुटलाय हो. जूनमध्ये एकोणीस होत्या, आज नऊ येतात. त्यातल्या दोघी लग्न ठरण्याची वाट बघतायत. संस्थेचे सर म्हणाले, बाहेरून वक्ते बोलवा, मुलींना जरा उभारी येईल.

यमुनाबाई : मगे बोलवा. बोलणाऱ्यांक काय तोटो?

किशोरी : बोलावले. एक बँकेतले निवृत्त साहेब आले, ते आपल्या मुलाच्या अमेरिकेतल्या घराबद्दल बोलले. मग एक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना उभं करून 'मी जिंकणारच' असं दहा वेळा म्हणायला लावलं. त्या गेल्यावर उर्वशी नावाची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, या कोर्सावर नोकरी लागलेलं एक तरी माणूस आम्हाला दाखवा." म्हणून मी इथे आले. संस्थेच्या पत्रकावर जान्हवीचा फोटो आहे ना.

यमुनाबाई : तो फोटो आधी काढा थंयसून.

किशोरी : का हो, काकी?

जान्हवी : आये, तू आत जा. मी बोलतंय मॅडमांवांगडा.

किशोरी : जान्हवी! अगं, केवढी वाळलीस. आणि हे हातांना काय झालं?

जान्हवी : शिंपले कापतत. ओहोटी लागली काय खाडीत, चिखलातसून तिसरे-शिंपले काढूक जातंय. बसा मा, हुब्या कित्याक?

किशोरी : रजेवर आलीस?

जान्हवी : सात म्हयने झाले, मॅडम. रजा कसली!

किशोरी : पण सरांनी तर पत्रकात छापलंय, 'नामांकित रुग्णालयात रुजू'.

जान्हवी : सरांच्या वळखीचो एक एजंट व्हतो, तेनी नेल्यान माका. मुंबयच्या भायर, दुकानांच्या माडयेर एक नर्सिंग होम. सोळा खाटी. पयले तीन म्हयने मी लादी पुसलंय, पेशंटांची भांडी धुतलंय. मगे थंयची खरी नर्स सोडून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे ना? उद्यापासून वॉर्ड तू बघ."

किशोरी : अगं, पण तू सहायिका. सलाईन, इंजेक्शनं...

जान्हवी : सगळा मीच करी. आयेक फोन करून सांगलंय, मी नर्स झालंय. हिने देवाक नारळ ठेवल्यान.

यमुनाबाई : व्हय, ठेवलंय. लक्ष्मीनारायणाक. गावभर सांगलंय.

किशोरी : मग सोडलीस का?

जान्हवी : सत्यवती म्हणान एक बाळंतीण व्हती. माझ्याच वयाची. आयतवारी सकाळी सुटली, चेडू झाला. डॉक्टरीणबाई घराक गेल्या. वॉर्डात मी एकटी. दोनच्या सुमाराक ती म्हणाली, "ताई, थंडी वाजते." मी चादर घातलंय. मगे आणखी एक घातलंय. खालचो कपडो रगतान भिजलेलो, तो बदललंय. अर्ध्या तासान परत भिजलो. परत बदललंय. माका वाटला, बाळंतपणात असाच जाता आसतला.

किशोरी : पोट दाबून बघितलं नाहीस? गर्भाशय घट्ट होतंय का ते...

जान्हवी : कोणी दाखवल्यान माका, मॅडम? खंय दाखवल्यान?

किशोरी : मग काय केलंस?

जान्हवी : नाडी मोजलंय. ती तुम्ही शिकवलेली. घड्याळ बघून पुरो एक मिनिट. एकशे छत्तीस भरली. तक्त्यार लिवलंय, तुम्ही सांगा तशी, शाईन, खाडाखोड नाय. एकशे छत्तीस म्हणजे काय, ता माका ठावक नाय व्हता. पंधरा मिनटांनी परत मोजूक गेलंय तर नाडी गावाकच नाय. डॉक्टरीणबाईंचो फोन लागना नाय. लागलो तेव्हा सगळा संपला व्हता.

किशोरी : देवा रे.

जान्हवी : पोलीस इले. डॉक्टरीणबाईंनी सांगल्यानी, ही स्वतःला नर्स म्हणवून घेत होती, माझी फसवणूक केली. फायलीतसून माझा सर्टिफिकेट काढून दिल्यानी. साहेबान मोठ्यान वाचल्यान. 'रुग्णालयात दोनशे तासांचे प्रात्यक्षिक पूर्ण केले आहे.' मगे माका इचारल्यान, "ही सही कोणाची?"

किशोरी : माझी.

जान्हवी : आमी एक तरी दिस रुग्णालयात गेलंव, मॅडम?

किशोरी : परवानगीसाठी पत्र दिलं होतं. उत्तर आलं नाही. सर म्हणाले, पुढच्या महिन्यात नेऊ, आत्ता सह्या करून टाका, नाहीतर मुलींचं वर्ष फुकट जाईल. तो पुढचा महिना काही आला नाही.

जान्हवी : बाहुलीर शिकलंव आमी. तिकाय एकच हात.

यमुनाबाई : आता आयकतास तर सगळा आयका, बाई. दोन दिस चौकीत बसवन ठेवल्यानी हेका. प्रात्यक्षिक झाला काय नाय, ताच इचारत रवले. झाला, मॅडमांची सही खरी आसा, असाच सांगत रवला ह्या चेडू. 'माका शिकवक नाय' इतक्या बोलला असता तर अर्धो भार उतारलो असतो. कोर्टाच्यो तारखो चलतत अजून. तुम्ही मात्र पत्रकात फोटो छापून मोकळे.

किशोरी : कित्याक गो, जान्हवी? कित्याक असा सांगलंस?

जान्हवी : काय म्हायत. धावीत नापास झालंय तेव्हापासना माका कोणी हुशार म्हणाक नाय. तुम्ही म्हणालास. तुमका चौकीत आणून बसवतले, ह्या माका बघवला नसता.

किशोरी : माझ्या तोंडावर थुंकली असतीस तरी बरं वाटलं असतं.

जान्हवी : वर्गातल्या ह्या नऊ जणींक खंय नेलास? रुग्णालयात?

किशोरी : नाय. मार्चात परीक्षा आसा. दोनशे तासांचा रजिस्टर भरून तयार आसा, फक्त सही रवली.

जान्हवी : आणि मी येवन तेंका काय सांगूचा? माझ्यासारखी व्हया म्हणान?

किशोरी : मघाशी बसमधना उतारलंय तेव्हा ताच मनात व्हता. खोटा कित्याक बोलू? आता सांगतंय, ये आणि काय काय झाला ता सगळा सांग.

जान्हवी : तुमचा नाव घेवन?

किशोरी : घेवन.

यमुनाबाई : नको गो बाये. परत कोणाच्या तोंडाक लागा नको. गप रवलंस म्हणान आज घरात तरी आसस.

जान्हवी : आये, सात म्हयने मी गपच आसय. रोज चिखलात बसून तेच तेच आठवतंय. एकदा कोणाक तरी सांगूंदे माका. मॅडम, पुढच्या शुक्रवारी ओहोटी उशिरान आसा. सकाळी येतंय.

(आठ दिवसांनी. कसालचा बसथांबा. जान्हवीचं बोलणं होऊन तासभर झाला आहे.)

जान्हवी : सर काय म्हणाले?

किशोरी : तुला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मग म्हणाले, "बाई, प्रकरण वर गेलं तर कागदावर माझी सही कुठेच नाही, हे लक्षात ठेवा." खराच आसा ता. तेंची सही खंयच नाय.

जान्हवी : मगे आता तुम्ही काय करतलास?

किशोरी : काल कुडाळात वकिलाकडे लिवन दिलंय. प्रात्यक्षिक झाला नाय, सही मी केलंय, चेडवाचो दोष नाय. तुझ्या पुढच्या तारखेक तो कागद कोर्टात देतले.

जान्हवी : तुमका धरतले.

किशोरी : धरतले तर धरतले.

जान्हवी : घराकडे सांगलास?

किशोरी : नाय. आज सांगतलंय.

जान्हवी : त्या कागदान मी सुटतलंय काय?

किशोरी : वकील म्हणालो, तसा काय सांगूक येवचा नाय. भार थोडो कमी होयत.

जान्हवी : मी जास्त बोललंय काय, मॅडम?

किशोरी : आयकत होती गो सगळी. पयल्यांदाच आयकत होती. एकीनं इचारल्यान मा, बाळ जगला काय म्हणान.

जान्हवी : तेवढ्यात सर आत इले, म्हणान माझा उत्तर रवला. जगला बाळ. तेचो बापूस दर तारखेक तेका घेवन येता, घराकडे सांभाळूक कोण नाय. माझ्याकडे तो माणूस बघणा नाय. बाळ बघता. गेल्या तारखेक माझ्याकडे बघून हसला.

किशोरी : गप रव, बाये. बस येता बघ ती.

जान्हवी : माझी नाय ती. कणकवलीची.

किशोरी : आणि ती उर्वशी? तू बाहेर गेलीस तशी तुझ्या मागसून धावत इली. लय रडली काय गो?

जान्हवी : रडाक नाय. इचारल्यान, ता नर्सिंग होम अजून चालू आसा काय. मी म्हटलंय, आसा. मगे म्हणाली, "ताई, तुमची थंयची जागा अजून रिकामी आसतली?"

किशोरी : काय सांगलंस तिका?

जान्हवी : बापूस अंथरुणार पडलोहा म्हणाली, पाठची दोन भावंडां आसत. काय सांगूचा, मॅडम? तिचो हात धरलंय. ती सोडवन घेयपर्यंत धरून रवलंय.