बिबळ्या कोणाचा होता याबाबत

नाव महिपती रखमाजी गाडे, वय वर्षे २२, धंदा शिक्षण, पुणे येथे कायद्याचे पहिले वर्ष, राहणार सुदुंबरे, तालुका मावळ, जिल्हा पुणे. हल्ली मुक्काम लोणावळे, तुंगार्लीच्या वाटेवरील दळवी यांच्या बंगल्याचे आवार. तारीख १२ डिसेंबर १९३६.

मी आपण होऊन ठाण्यात हजर झालो आहे. मला कोणी पाठवलेले नाही. मी सांगतो तो मजकूर असा की,

माझे वडील सुदुंबऱ्यास शेती करतात. घरात माणसे फार, अभ्यास होत नाही, म्हणून परीक्षेपूर्वी मी माझे मामा दत्तोबा यांच्याकडे येऊन राहिलो आहे. मामा हे मुंबईचे ठेकेदार त्रिंबकराव दळवी यांच्या बंगल्यावर माळी व राखणदार आहेत. ते व मामी अंबूबाई आवारातील मागच्या खोलीत राहतात. दळवी यांना मी पुढे मालक म्हणेन, कारण आमच्या घरी तसेच म्हणतात.

बंगल्यावर एक बिबळ्या पाळलेला होता. वरच्या ठाकरवाडीतील नवसू यास तो कड्याखाली सापडला, तेव्हा त्याचे डोळेही उघडलेले नव्हते. नवसूने तो मालकांना आणून दिला. मालकांनी त्याचे नाव सुलतान ठेवले. लहान असताना तो दिवाणखान्यात हिंडत असे व मामी त्यास बाटलीने दूध पाजीत. वाढल्यावर फणसाखाली लोखंडी पिंजरा केला. पुढे पिंजऱ्याची कडी सैल झाली. मामांनी ती मालकांना दाखवली, तेव्हा मालक हसून म्हणाले, “अरे दत्तोबा, तो कुत्रा आहे, कुत्रा.” तेव्हापासून मामा कडीला तार गुंडाळून ठेवीत.

विचारल्यावरून सांगतो की, मी ज्या विषयाचा अभ्यास करीत होतो त्यास इंग्रजीत टॉर्ट म्हणतात. दोघांत काही करार नसतानाही एकामुळे दुसऱ्याची हानी झाली, तर भरपाई कोणी द्यायची, याचा तो कायदा आहे. त्यात हिंस्र जनावर पाळणाऱ्याविषयी एक प्रकरण आहे. जो असे जनावर पाळतो, तो आपल्या जोखमीवर पाळतो. मी काळजी घेतली होती, तार बांधली होती, असे म्हणून तो सुटत नाही. हे प्रकरण मी मागच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचीत असे. मालक सुट्टीला येत, त्यांनी ते व्हरांड्यातून ऐकलेले आहे.

गेल्या बुधवारी सकाळी नवसूची बायको सावित्राबाई नेहमीप्रमाणे मोळी घेऊन आली. मामींनी आतून हाक दिली, “सावित्रे, चुलवणापाशी टाक गं.” मी ओट्यावर होतो. कोंबड्या एकाएकी गप्प झाल्या, म्हणून मी वर पाहिले. घराच्या कोपऱ्यावर सुलतान उभा होता. त्यास कोणी फिरवायला काढले असावे असे मला वाटले, म्हणून मी त्याच्यामागे माणूस शोधला. माणूस नव्हता. तो माझ्याकडे पाहत खाली बसला. मला ओरडायचे होते. तोंड उघडले, पण आवाज आला नाही. सावित्राबाई मोळीची वेल सोडण्यासाठी वाकली, आणि तो तिच्या पाठीवर गेला.

मग मामींच्या किंकाळीने मी उठलो. मी व धावत आलेल्या मामांनी बाज उचलून ती ढालीसारखी पुढे धरली व त्यास ढकलले. मामींनी चुलीतले जळते लाकूड आणले. तेव्हा त्याने सावित्राबाईला सोडले, व तो कुंपणावरून वाडीच्या बाजूस गेला. सावित्राबाईचा उजवा खांदा व मानेमागचा भाग फाडलेला होता. ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, “हिरीला येवढ्यात सांगू नगा.” हिरी ही तिची मुलगी, बाळंतपणाला वाडीत माहेरी आलेली, तिचे दिवस भरत आले आहेत. आम्ही सावित्राबाईला त्याच बाजेवर घालून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, हाताचे सांगता येत नाही.

मालक दुसऱ्या दिवशी मुंबईहून आले. ते दवाखान्यात गेले नाहीत. त्यांनी पिंजरा खोलून गज गोदामात टाकायला लावले, आतला पेंढा जाळायला लावला व ती जागा शेणाने सारवून घेतली. सारवण मामींनी केले. मग मालकांनी मामांना सांगितले, आपला बिबळ्या दिवाळीतच मुंबईस पाठवला होता, हा जो आला तो रानातला. तसा कागद लिहून त्यावर मामांचा अंगठा घेतला. मामा परत आले तेव्हा अंगठ्याची शाई धोतराला पुशीत होते. 

आज दुपारी मालकांनी मला व्हरांड्यात बोलावले. खुर्ची दिली. आमच्यात जे बोलणे झाले ते मला आठवते तसे सांगतो.

मालक म्हणाले, “तुम्ही कायदा शिकता. मला एक सांगा. रानटी जनावर सुटून रानात गेलं आणि पुन्हा मूळच्यासारखं राहू लागलं, तर ते कोणाचं?”

मी म्हणालो, “मग ते कोणाचंच नाही, असं काही निवाड्यांत म्हटलंय.”

“मूळच्यासारखं व्हायला किती दिवस लागतात?”

“दिवस ठरवून दिलेले नाहीत.”

“मग आपण थांबू,” मालक म्हणाले. “शोधायचं नाही, गोळी घालायची नाही. राहू द्या त्याला रानात.”

मी विचारले, “आणि तोवर त्यानं आणखी कोणाला धरलं तर?”

ते उठले. आत जाऊन त्यांनी बंदूक आणली व टेबलावर माझ्या पुस्तकावर आडवी ठेवली. नळी माझ्या बाजूस होती. मग म्हणाले, “तुमच्या मामांनी अंगठा दिला आहे. तुम्ही शिकलेले, तुमच्या सहीला वजन आहे. मामांचं म्हातारपण या आवारात जायचं आहे ना?” कागदावर लिहिले होते की, सावित्राबाई परवानगीवाचून कुंपणातून आत शिरली व रानातून आलेल्या बिबळ्यास तिने लाकूड मारून डिवचले. मी म्हणालो, विचार करून सांगतो. ते म्हणाले, “करा. दिवेलागणीपर्यंत करा.” मी पुस्तक घेतले नाही. ते बंदुकीखाली होते.

मी खोलीवर गेलो तो मामी दारातच बसल्या होत्या.  त्या म्हणाल्या, “महिपा, वाडीतली मान्सं सांजच्याला डबं वाजवायला लागल्यात. बिबळ्या पळावा म्हून. पान्यावर ऐकलं मी.”

मी म्हणालो, “बरंच आहे की.”

“आरं बाबा, बरं न्हाई! मी त्याला परात वाजवून जेवाय घालीत हुते. वाजलं की यायचा त्यो. तीन दिसाचा उपाशी हाय. ती लोकं त्याला जेवायला बोलावत्यात!”

 रानातला बिबळ्या माणसाचा आवाज ऐकून दूर जातो. हा आवाजाकडे येईल, दाराशी बसेल, आणि दार उघडणारी हिरी असेल. मी लगेच निघालो.

फाटकाशी मामा उभे होते. म्हणाले, “ठान्यावर चाललास?”

“व्हय, मामा.”

“तू गेलास तर माझं हितलं सुटलं.”

मी उभा राहिलो.  त्यांनीच फाटक ओढून धरले व म्हणाले, “जा. करवंदीच्या वाटंनं जाऊ नगं. लांब पडलं तरी सडकंनं जा.”

मी सडकेनेच आलो. पहिल्या वळणानंतर बंगला दिसेनासा झाला, आणि डाव्या हाताच्या कारवीच्या झुडपांत काहीतरी माझ्याबरोबर चालत आहे असे मला वाटू लागले. मी थांबलो की तेही थांबे. ते पाहिले नाही, म्हणून तो सुलतान होता असे मी म्हणत नाही. धीर यावा म्हणून मी पाठ केलेले प्रकरण मोठ्याने म्हणू लागलो. मग लक्षात आले की हे प्रकरण सुलतानने पिंजऱ्यातून रोज ऐकलेले आहे. मी तोंड मिटले. तिथून पुढे मी पायांचाही आवाज होऊ दिला नाही. रुळांजवळ माणसे दिसली तेव्हा मी पळालो.

माझे म्हणणे एवढेच की, आधी वाडीत माणूस पाठवून डबे थांबवावेत व जबाब मागून पुरा करावा. जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांनी त्याप्रमाणे दोन शिपाई व गावचे बंदूकवाले शिकारी कोंडाजी यांना रवाना केल्यावर पुढील मजकूर सांगितला. कुंपणातून शिरल्याची गोष्ट खोटी आहे. सावित्राबाईला हाक मारून आत घेतले होते. बिबळ्या मालकांचा होता.

पुरवणी जबाब, तारीख १३ डिसेंबर १९३६. काल मी ठाण्यातच थांबलो. आज सकाळी वाडीत काय घडले ते मी पाहिले नाही. नवसूने ठाण्यात येऊन सांगितले ते मी ऐकले, ते असे की,

शिपाई पोचले तेव्हा डबे नुकतेच वाजू लागले होते. ते बंद करवून सगळ्यांना दारे लावायला सांगितले. उजाडल्यावर हिरीच्या दारावर खरवडल्याचा आवाज झाला. तिला बाप आला असे वाटले, कारण नवसू शेजारच्या घरात शिपायांजवळ होता. कडीला हात गेला, पण शिपायांचे सांगणे आठवून तिने उघडली नाही. ती आतून म्हणाली, “बा, बोल की.” बाहेरून कोणी बोलले नाही. नवसूने शेजारच्या छपरावर चढून पाहिले. दारापुढे सुलतान बसला होता. नवसू त्याला हाका मारीत राहिला, व तो मान वर करून त्याच्याकडे पाहू लागला. तेवढ्यात कोंडाजीने गोळी घातली व तो जागीच मेला.

नवसू ठाण्यात सांगताना मध्येच थांबला. म्हणाला, “वळखलं मला त्यानं. मीच आनलता त्याला. न्हाई आनला असता तर तिथंच मेला असता.” जमादारांनी त्याला पाणी दिले. तो दवाखान्यात गेला. सावित्राबाईचा हात डॉक्टरांनी कापला नाही, पण बोटे हलत नाहीत.

मालक पहाटेच्या गाडीने मुंबईस गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मामांना खोली मोकळी करायला सांगितले. मामा व मामी वळकटी घेऊन ठाण्यात आले आहेत व बाहेरच्या बाकावर बसले आहेत. आपला अंगठा धाकाने घेतला, असे मामांना सांगायचे आहे. मामींना पिंजरा कुठे होता ती जागा दाखवायची आहे.

माझी स्वतःची काही तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मालकांनी मला हात लावला नाही, शिवी दिली नाही. त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली व दिवेलागणीपर्यंत वेळ दिला. मला भीती वाटली. जमादार म्हणाले, “गाडे, भीती वाटली हा काही पुरावा नव्हे, वगळू का?” मी सांगितले की, मी शिकतो त्या कायद्यात, अंगाला हात न लावताही माणसाला धास्ती घालणे हाच एक अपराध आहे, तेव्हा तो शब्द वगळू नये. शिवाय ती भीती संपलेली नाही. मामा-मामींना घेऊन मला सुदुंबऱ्यास जायचे आहे, आणि सडकेवर पाठीमागून मालकांच्या माणसांची मोटार आली तर मी काय करीन हे मला माहीत नाही.

हा मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. बाकावरून मामांनीही ऐकला. मी सांगितले तसाच उतरलेला आहे, एकही शब्द काढलेला नाही. खाली माझ्या हातची सही.

महिपती रखमाजी गाडे