उताराची वही

—नाही, बूट असू देत, फरशीचं काय एवढं, पण तुझ्या गाडीत शेजारच्या सीटवर मी बसणार नाही, कॉलिन. जुलैतल्या चढाच्या शर्यतीला दुसरं कुणीतरी बघ. कळतंय मला, का आलास ते. तीन वर्षं रेमीच्या मागं चार-चार सेकंदांनी राहिलास, आणि तुला वाटतं ते चार सेकंद माझ्या तोंडात होते. होतेच म्हणा! रेमी स्वतःच सांगत सुटायचा— 'मी नुसता पाय दाबतो, डोळे कोलेटचे.' डोंगरभर मी वहीतून वळणं वाचायची— डावं, घट्ट, बाहेर दरी; उजवं, मोकळं, सोड— आणि हा पुढचं दिसायच्या आधीच गाडी टाकायचा. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं, हिचं ऐकशील ना रे, तर मागून कुणीतरी ओरडलं, 'शर्यतीची सात मिनिटं तरी ऐकतोच!' तू होतास? वाटलंच मला.

फेब्रुवारीतलं तू पेपरात वाचलं असशील. बुधवारी तो बर्फात चालणारा पट्ट्यांवरचा ट्रॅक्टर घेऊन शर्यतीच्याच रस्त्यानं शिखरावरच्या वेधशाळेची माणसं सोडायला गेला. पोचवली सुखरूप, आणि एकटाच खाली निघाला. थांबायचं ना? वरचे सगळे म्हणत होते, थांब. पण लग्नाला चारच महिने झालेले, आणि सकाळी मी म्हणाले होते— जाऊ दे, काय म्हणाले ते. निम्म्यावर आला आणि वारा सुटला. तुला माहितीये इथला वारा, बर्फ खालून वर पडतो. काचेवर नुसतं दूध. तर यानं काय करावं? वायरलेस उचलला आणि मला म्हणाला, 'कोलेट, वही काढ.'

वही चढाची, कॉलिन. उतरताना शेवटच्या पानापासून वाचायची, आणि डाव्याचं उजवं करायचं, उजव्याचं डावं. सोपंय. मी इथंच बसले होते, या खुर्चीत, दुपारचे दोन, शेगडीवर बटाटे. तो गोगलगाईसारखा सरकतोय, मी वाचतेय— उजवं. आलं. डावं. आलं. मध्येच म्हणतो, 'शर्यतीत इतकं सावकाश वाचलं असतंस तर कॉलिनसुद्धा जिंकला असता.' हसलो आम्ही. हसलो रे! सहा वळणं झाली, दहा झाली, अकरा— आणि बाराव्याला त्यानं विचारलं, 'नक्की डावं?' मला राग आला. म्हटलं, 'तीन वर्षांत मी कधी चुकलेय का?' तो म्हणाला, 'नाही बाई, कधीच नाही.' आणि वळला.

वहीत डावं लिहिलं होतं. लिहिलं होतं तसं वाचलं मी.

बटाटे करपल्याचा वास आला तेव्हासुद्धा मी वाचतच होते— उरलेली सगळी वळणं वाचली, पार खालच्या फाटकापर्यंत. ती सगळी बरोबर. उलटी, नीट उलटी.

चौकशीत सगळे म्हणाले, वारा. ताशी एकशे वीस मैलांचा वारा, त्यापुढं माणसाचं काय चालणार. मला कुणी विचारलंच नाही. तूही कुठं विचारलंस, तू शर्यतीचं बोलायला आलास आणि मीच आपली— हे काय? रडतोस कशाला? नको ना. तू रडलास तर तुझी समजूत काढावी लागेल मला, आणि ते काही मला जमत नाही.

ऊठ, ऊठ. गाडी वाजली बाहेर— सासूबाई आल्या. रोज येतात, वाटाण्याचं सूप घेऊन. मी वाटी संपवेपर्यंत समोर बसून राहतात, आणि त्या मेल्या वाऱ्याला शिव्या देतात. मीही देते, त्यांच्या बरोबरीनं. मागच्या दारानं जा तू. आणि हे बघ, वाटेत गाठलंच त्यांनी तर— वारा. कळलं? वाराच होता. जा आता.