खालची चकती

– अरे हळू, हळू ठोक बाबा, मीटरची पेटीच भिंतीतून उपटशील! न्हाय, तुला ओरडत न्हाय मी. आवाज कमी कर एवढंच म्हणते. शेजारची ठकुबाई आत्ता जेवून आडवी झाली असेल, ती उठली तर ओट्यावर येऊन बसणार नि विचारणार, काय गं कमळ, कसलं काम काढलंस? काय सांगू तिला? आणि तिला कळलं की भाविकला कळलंच. भाविक म्हणजे माझा मुलगा – तिकडे गोडाऊनला सुपरवायझर हाय, त्याची शिफ्ट सुटायच्या आत हे उरकलं पाहिजे. म्हणून तर तुला अंबाडीहून बोलावलं, खालिद. आमच्या शेलार गावात काय वायरमन न्हायत? हायत की. पण सगळे भाविकच्या ओळखीचे. कोणी ना कोणी त्याच्या कानावर घालणार.

बाजूची कशाला? बाजूची वायरच्या भोकाची चकती पटकन निघेल, दिसतंय मला – पण ती पावसाची बाजू. पेटी अशी उघड्यावर, वर पत्रासुद्धा न्हाय, बाजूनं भोक पाडलंस की पाणी आत. खालचीच काढ. आधी खालनंच जायची वायर. हो मग, होती ना! इथनं निघायची ती अंगणावरनं थेट त्या समोरच्या शेडला. आमचा लूमचा, कापड विणायचा कारखाना तो, आता बंद हाय. एक दिवस सकाळी उठून बघते तर वायर गायब, भोक बंद, चकती जागच्या जागी, नि वरनं भिंतीचाच ऑइलपेंट फासलेला. म्हणून तर तुझ्या स्क्रू-ड्रायव्हरला दाद देत न्हाय ती. कोणी केलं? ते सोड. तू ठोक. हळू ठोक.

लाइट कशाला पाहिजे शेडला? पोती ठेवलीत. जुनी पोती. उंदीर लय झालेत, एक बल्ब असला म्हणजे जरा – काय? पोत्यांना पंखा कशाला, नि प्लगचा पॉइंट कशाला? तू वायरमन हायस का पोलीस रे? बरं, ऐक. माणूस राहतो तिथे. भाविकचा बापूस राहतो. झालं समाधान?

हसू नको. हसलास न्हाय? मग ठीक हाय. घर सोडून गेला, एवढंच. लांब कुठे गेला, अंगण ओलांडून गेला – पण गेला तो गेला. भाविकला शेड पाडून तिथे गोडाऊनवाल्यांना जागा द्यायची होती. बापूस म्हणाला, लूम चालोत न चालोत, माझ्या डोळ्यांदेखत भंगारात जायचे न्हायत. शब्दाला शब्द लागला. पोरगं पण तापट – म्हणालं, एवढा ताठा हाय तर माझ्या मीटरवरचा पंखा तरी कशाला लावता? बापूस उठला. गादी उचलली नि शेडात जाऊन झोपला. दोन-चार दिवस बरं चाललं, वायर होती तवा. मग ती सकाळ. त्याला दम्याचा त्रास हाय रे, आयुष्यभर रुईची धूळ खाल्लेली छाती ती, वाफेच्या मशिनीशिवाय रात्र निघत न्हाय. आणि पोटच्या पोरानं त्याची लाइट तोडली! मी इथे पंख्याखाली पडते नि समोरनं त्याचं खोकणं ऐकू येतं. जेवण जातं का खाली? न्हाय जात. डबा घेऊन जाते तर डबा घेतो, वर बघत न्हाय. विचारलं त्याला, वायर कोणी काढली? तर खोकत बसला. बाप हाय, पोराचं नाव कसं घेईल?

मी घेतलं नाव. सोडते काय! भर जेवणात विचारलं भाविकला. खाली मान घालून भात कालवत बसला. एकदा तरी म्हणायचं ना, आई, मी न्हाय केलं? गप्प बसला, म्हणजे त्यानीच केलं ना? तेव्हापासून त्याला वाढत न्हाय मी. उन्नती वाढते, सून माझी, बिचारी दोन्हीकडनं मरते. मी म्हटलं त्याला – बापाचा श्वास तोडणारा माझ्या पोटी कशाला आलास? असं म्हटलं. आईनं म्हणू नये असं. पण राग आला होता रे, अजून हाय.

काय, हलली? पक्कडीत धर नि आतबाहेर कर, तुटेल. अडकतंय? एमसील लावलंय आतनं? लावणारच, पक्कं काम केलं त्यानी, परत कोणी उघडू नये म्हणून. ओढ जोरात. निघाली! बघ, निघाली ना, उगीच – हे काय लोंबतंय चकतीला? सूत? सुताचा वेढा देऊन वर एमसील भरलंय? इकडे दे. उजेडात धर जरा, मला नीट दिसत न्हाय.

ही गाठ बघ.

न्हाय, तुला काय कळणार. ताण्याचा, उभा धागा तुटला की लूमवर मारतात ती गाठ ही. हाताला सवय लागते, माणूस सुतळीला पण तीच मारतो. आणि ही उलटी पडलीय. डावखुऱ्याची. बापूस डावखुरा, भाविक न्हाय रे. भाविकला ही गाठ येतच न्हाय, लहानपणी बापूस शिकवायला बसला की पळून जायचा.

बापसानीच काढली वायर. स्वतःच्या हातानी. पोराच्या मीटरची वाफ नको म्हणून.

आणि पोराला ठाऊक होतं. आपण केलं न्हाय तर कोणी केलं, एवढं कळत न्हाय होय त्याला? तरी बोलला न्हाय. बोलला असता तर मी तशीच शेडात जाऊन आजारी माणसाशी भांडले असते. त्यापेक्षा माझं ऐकून घेतलं त्यानी, मान खाली घालून, रोज.

न्हाय, वायर नको टाकू. गुंडाळ. आज तू टाकशील, उद्या तो परत काढेल. भोकाला तात्पुरतं काहीतरी लाव नि झाकण बसव. सूत राहू दे माझ्याकडे. चहा टाकला असता तुला, पण आता नको. आधी अंगण ओलांडून त्याच्याकडे जाऊ, का इथेच बसून पोराची वाट बघू, तेच कळत न्हाय मला – काय म्हणालास? न्हाय, तू नको सांगू. तू जा बाबा. जा म्हटलं ना.