बेंबळीच्या वाटेवरला पक्ष

न्हाय न्हाय पाव्हणं, तिथं नका बसू — त्या पल्याडच्या बाकड्यावर बसलात तर भावाच्या पक्षात मोजतील तुमाला, आन् ह्या अल्याडच्यावर बसलात तर मालकाच्या. तुमी आपलं चुलीपाशी या, हितं कुनाचंच न्हाय, हितं माजं हाय. — काय, सोलापूरवरनं आलात? आन् पिशवीत काय, पत्रकं? नवा पक्ष! आगं बया. आन् इचारता काय, तर आधी धाराशिवात जावं का खेड्यात — हसू नको तर काय करू? बसा, चहा टाकते. ह्या एका सवालापायी माजं घर रस्त्याच्या दोन अंगाला गेलंय.

आमचे मालक — नाव कसं घेऊ, पर लोक शंकरप्पा शेट म्हनत्यात, तुमाला कळाया पायजे म्हनून सांगितलं — बेंबळीत भुसाराचं दुकान होतं आमचं. चांगलं चाललेलं. निजाम गेला, मग मुंबईचं राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला, तवा ह्यांच्या डोस्क्यात आलं की राज्यं एवढी बदलत्यात तर पक्षबी नवा पायजे. काढला. पक्षात दोघं — हे आन् माजा धाकटा भाऊ वीरप्पा. पयली सभा आमच्याच ओसरीवर, म्या भाकऱ्या थापत होते, आन् तव्यावरली भाकर फुगायच्या आत वाद! हे म्हनले, आधी धाराशिव धरायचं — तिथं कचेरी, तिथं वकील, मास्तर, चौकात एक भाशान ठोकलं की सांच्याला घराघरात जातं. वीरप्पा म्हनला, दाजी, शहरातला मानूस टाळ्या वाजवतो आन् दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या भाशानाला जातो. खेड्यात एक पाटील वळवा, सगळं गाव वळतंय. हे म्हनले, पाटील काय बैल हाय का वळवाया? — लई ताणलं. शेवटाला तोड काय निघाली म्हनता? आफिस मधोमध टाकायचं! धाराशिव आन् बेंबळीच्या मधी, रस्त्याकडंला, ह्या बाभळीखाली. चौफेर जवारी. पाटी ठोकली, सतरंजी आंथरली, आन् बसले दोघं मेंबराची वाट बघत. कोन येनार? चिमण्या आल्या.

म्या रोज किटली घिऊन कुठवर चालनार? हितंच चूल मांडली. तर धूर बघून एसटीचा डायवर थांबला चहाला. एक थांबला म्हनून दुसरा थांबला. गाडी थांबती म्हटल्यावर आजूबाजूची मानसं हितं येऊन बसाया लागली. मग काय, हे उभं ऱ्हायचे — ‘बंधूंनो!’ — लोक टाळ्या वाजवायचे, आन् गाडीचा धुरळा दिसला की धोतर सावरत पळायचे. भाशान आर्धंच ऱ्हायचं. तरी ह्यांचं म्हननं, बघ, सगळी धाराशिवाला निघाल्यात, म्हंजी शहर आपल्या मागं हाय. वीरप्पाचं म्हननं, पर निघाली कुठनं? खेड्यातनं. म्हंजी खेडं मागं हाय.

पुढं पंचाक्षरीनं सायकलीची पंक्चरं काढायचं दुकान टाकलं, बिभीषण न्हावी आरसा घिऊन आला, गिरिजाबाई केळी इकाया बसली, मागनं त्यांची बायकापोरं, शेळ्या, कोंबड्या. पक्ष न्हाय वाढला पाव्हणं, वस्ती वाढली! आन् नवी हुज्जत — ही वस्ती शहर का खेडं? हे म्हनले, हाटेल हाय, न्हावी हाय, पंक्चर हाय, शहरच. तो म्हनला, दिवा न्हाय, गटार न्हाय, भाशान करताना शेळी धोतर खाती, खेडंच. फुटला की हो पक्ष! दोघांचा पक्ष, फुटून एकेकाचा झाला. बाकडी दोन अंगाला गेली, बोलनं बंद. ‘अक्का, दाजीला सांग भजी थंड व्हाया लागली’ — हितनं तिथं, माज्यामार्फत!

औंदाच्या इलेक्शनला दोघंबी उभं ऱ्हायले, एकाच जागेला. व्हय, एकाच. मतदानादिशी सगळी वस्ती घिऊन बेंबळीला गेलो, तर यादीत ह्या दोघांचं सोडून कुनाचंच नाव न्हाय. जुन्या गावातनं कापलेली, हितली लिवलेलीच न्हाईत. साहेब म्हनला, तुमी ऱ्हाता ते गाव हाय का शहर? किती दिसांनी दोघं शेजारी उभं होते — म्या म्हनलं, चला, आता तरी — तर हे म्हनले ‘शहर’ आन् तो म्हनला ‘खेडं’, एकाच दमात! साहेबानं घाम पुसला. म्हनला, आधी ठरवून या. बसले की लिंबाखाली ठरवाया. पेट्या बंद झाल्या तरी ठरत होतं.

डिपाझिट गेलं त्याचं काय वाटलं न्हाय. पर परतताना हे एका कडंनं, तो दुसऱ्या कडंनं, आन् म्या मधनं — ते लागलं बगा. माज्या लग्नात वीरप्पा एवढुसा होता, रडाया लागला तर ह्यांनीच खांद्यावर घेतला, बाशिंग वाकडं झालं तरी उतरीवला न्हाय.

आता ग्रामपंचायत व्हनार हाय हितं. कचेरीतला मानूस आलता, चहा पिता पिता म्हनला, बाई, वस्तीचं नाव काय लिवू? दोघंबी नव्हते तवा. म्या माजंच नाव दिलं ठोकून — म्हनलं, लिवा, महादेवीची वस्ती. लिवलं. — आन् गिरिजाबाई, बिभीषण, सगळेच म्हनत्यात, अक्का, तुमीच उभं ऱ्हावा. म्या... व्हय म्हनलं. ह्यांना म्हाईत न्हाय. त्यालाबी न्हाय. निवडून यायचं म्हनून न्हाय ओ! माज्या इरुद्ध म्हनून तरी दोघं एक होतील, एका बाकड्यावर बसून मला शिव्या घालतील. घालू द्या की. बसतील तर एका —

गप. मालक आले.

काय न्हाय ओ, पाव्हण्याला गाडीची येळ सांगत होते. — उचला पिशवी. चहाचं ऱ्हाऊ द्या. जावा म्हनते ना, कुठंबी जावा, पर हितं एक पत्रक वाटू नका, तिसरं बाकडं नको.