सव्वा मण

(१९६५. रंकाळ्याच्या काठावर ओढून ठेवलेली शिडाची होडी. ओतकाम करणारे हंबीरराव आत वाकलेत; होडीचे मालक, मंगळवार पेठेतले दुकानदार दत्तोपंत, बाहेर उभे.)

हंबीरराव : तळ्याला कशाला बोल लावताय? खालचा लोखंडी कणा आतनंच गंजलाय. ह्यो बोल्ट बघा, अंगठ्यानं भुगा व्हतोय!

दत्तोपंत : वीस वर्षं टिकला की हो तो. दोन वर्षांत असं कसं झालं?

हंबीरराव : दोन वर्षं हे पोतं हितंच हाय न्हवं? गोणपाट ओलं, खाली पाणी तुंबलेलं. वाळंल कधी? आन् एवढं जड काय कोंबलंय ह्यात?

दत्तोपंत : दुकानातली जुनी मण-शेराची वजनं. किलो आला, ती बाद झाली.

हंबीरराव : मग मोडीत घालायची. होडीत कशापायी?

दत्तोपंत : वाऱ्याला होडी कलते. समोर कुणीतरी बसायला हवं.

हंबीरराव : त्याला चार धोंडं बास झालं असतं की!

दत्तोपंत : धोंड्यांनी नेमकं होत नाही. सव्वा मण हवं होतं. श्यामला एकदा हसत हसत दुकानाच्या काट्यावर बसली होती.

हंबीरराव : आरं देवा... वैनींचं वजन व्हय?

दत्तोपंत : ती गेल्यावर ती जागा रिकामी बघवेना हो.

हंबीरराव : अवो, पर अधनंमधनं काढून वाळवायचं तरी!

दत्तोपंत : तिला काठावर ठेवायचं आणि मी घरी जायचं? नाही जमलं.

हंबीरराव : ऐका माझं. अशीच पाण्यात घातली तर कणा निखळंल, होडी पालथी हुईल. पोतं काढायलाच लागतंय.

दत्तोपंत : मग होडीच मोडून टाका.

हंबीरराव : मोडताय कशाला? वजनं बिडाचीच हैत. वितळवून नव्या कण्यात ओततो. सव्वा मण हितंच ऱ्हाईल, होडीच्या बुडाला. तुमास्नी सावरून धरंल.

दत्तोपंत : बुडाला म्हणजे... पाण्यात?

हंबीरराव : व्हय की. कणा पाण्यातच असतोय.

दत्तोपंत : तिला पाण्याची फार भीती वाटायची, हंबीरराव. उतरेपर्यंत दोन्ही हातांनी फळी धरून बसायची.

हंबीरराव : मग यायच्या कशाला?

दत्तोपंत : मी एकटा जाईन म्हणून.

हंबीरराव : ...मग? ओतू का नगं?

दत्तोपंत : ओता. येईल ती.