लासुर्ण्यातली बर्फगाडी

...नाही, मला एक सांगा, दारात नवीन वस्तू आली की बघणाऱ्यानं आधी तिचं काम विचारावं की तिचं गाव? आमच्या लासुर्ण्यात गाव विचारतात! तुम्हाला सांगते, आमची रोहिणी, माझी चुलतबहीण, शेतीची पदवी घेतलेली, पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून रानात उतरलेली, तिनं हिमाचलातून बर्फावर चालणारी जुनी गाडी मागवली. ती आली सफरचंदाच्या ट्रकमधून मार्केट यार्डात, तिथून टेम्पोतून आमच्या दारात. अहो, ताडपत्री अजून सुटली नव्हती, सगळ्या अंगणात सफरचंदाचा वास सुटलेला, तोवर पारावरची पाच म्हातारी माणसं उठून आली आणि पाचही जणांनी एकच विचारलं.

"पन बर्फ कुठाय?"

आता तुम्ही पण तेच विचारणार, माहितीय मला. थांबा जरा.

गाडी कशी, तर पुढं चाकांच्या जागी दोन पट्ट्या, होडीच्या नाकासारख्या वर वळलेल्या. मागं चाकं नाहीतच. रणगाड्याला असतो तसा रबराचा लांबलचक पट्टा, आणि त्याला दोन-दोन बोटं उंच दाते. ही खास डोंगरावरची. म्हणजे भुसभुशीत बर्फात माणूस जिथं कमरेपर्यंत जातो तिथं ही वरच्यावर तरंगत जाते. रोहिणीनं मोबाईलवर हे बघितलं आणि तिच्या डोळ्यांसमोर बर्फ आलाच नाही. आली आमची पाणंद!

पाणंद म्हणजे खालच्या रानाची वाट. कालव्याखालची दोन एकर काळी जमीन, डांबरी रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत. पाऊस पडला की त्या वाटेत ट्रॅक्टर आत जातो आणि तिथंच राहतो. मग त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर येतो, तो पण तिथंच राहतो, आणि मग दोघांचे मालक बांधावर बसून तंबाखू मळतात... ही आमच्याकडची पद्धत आहे, हसू नका. म्हणून वीस वर्षं आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, सोपान आबांनी, तिथं ऊस लावला. ऊस लावला की आत जायला नको, बघायला नको, डोकं चालवायला तर मुळीच नको. रोहिणी म्हणाली, मी फ्लॉवर लावते. आबा म्हणाले, लाव की, पिकंल, पन फ्लॉवर काय पाय फुटून रस्त्याला येतोय? बरेच दिवस वाद झाला आणि शेवटी जेवता जेवता आबांनी ताटावरूनच निकाल दिला.

"एक हंगाम तुझा. माल रस्त्याला आला तर रान तुझं. न्हाय आला, तर रानात ऊस आन् तू पुण्याला."

एवढ्यासाठी ही गाडी. हौस नव्हती हो ती! नोकरीत साठवलेले पैसे तिनं त्यात घातले. विकणारा मनालीकडचा, फोनवर म्हणाला, मॅडम, ताजी बर्फ में मक्खन चलती है. रोहिणीनं विचारलं, चिखलात कशी चालते? मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, आप हैं कहाँ से?"

बरं, आली गाडी. आबांनी नारळ फोडला. त्यांचा विश्वास नव्हता, पण दारात आलेल्या यंत्राला नारळ चुकत नाही. रोहिणीनं इंजिन चालू करायची दोरी ओढली आणि असा आवाज की गोठ्यातल्या गाईनं दावं तोडलं. अंगणातून निघाली, देवळाला वळसा घातला, पाणंदीच्या तोंडापर्यंत गेली... आणि दहाव्या मिनिटाला काटा लाल, बोनेटमधून वाफ, गाडी बंद. का? तर त्या गाडीचं इंजिन गार ठेवतो कोण? बर्फ! पट्ट्याचे दाते बर्फ उडवतात, तो सीटखालच्या नळ्यांवर बसतो, नळ्यांतलं पाणी थंड होतं. रोहिणी हे सगळं आबांना नीट समजावून सांगत होती, आणि तुम्हाला सांगते, जगात काही लोकांना काही गोष्टी समजावून सांगूच नयेत. कारण शेजारचे झुंबर तात्या मागं उभे होते, आणि त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "मंग बाय, बर्फ कुठाय?"

दुसऱ्या दिवशी काय केलं असेल या तात्यांनी? सकाळी सकाळी मोटारसायकलवर भिगवणला गेले. मासळी बाजारात. तिथून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी आणली, वाटभर ठिबकत ठिबकत, चिलापी मासळीच्या वासासकट, आणि आमच्या ओट्यावर ठेवली. म्हणाले, "घे पोरी. आनलाय बर्फ. आता चालव."

अख्खी आळी हसली. आबा पण हसले. बाकीच्यांचं सोडा हो, पण आबा हसले ते रोहिणीला लागलं. मी तिच्या शेजारी उभी होते, तिचे कान लाल झालेले मी बघितले. मला वाटलं, आता ही लादी उचलून तात्यांच्या डोक्यात घालते. ती आत गेली, आणि बाहेर आली ती कुऱ्हाड घेऊन! तात्या दोन पावलं मागं सरकले. तिनं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, लादी फोडली, तुकडे गोणीत भरले, ती गोणी सीटखाली नळ्यांना टेकवून बांधली आणि गाडी चालू करून थेट पाणंदीत घातली. पाच मिनिटं. दहा. पंधरा. काटा जागचा हलला नाही. कालव्याचा पाझर साठून जिथं उन्हाळ्यातही राड असते तिथून गाडी बदकासारखी पलीकडं गेली आणि परत आली. आणि रोहिणी उतरली ती स्वतःशीच बोलत, की म्हणजे हिला बर्फ नकोच आहे, हिला नुसता गारवा पाहिजे.

आलं का लक्षात? जे तात्यांनी टवाळीला आणलं, त्यातून हिनं उत्तर काढलं! पण तात्या काय म्हणाले असतील? "बर्फ संपल्यावर?"

मग गाडी गेली जळोचीला, नागेशच्या गॅरेजात. नागेश ट्रकची कामं करतो, त्याला कशाचं काही वाटत नाही, पण त्यानं सुद्धा गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, ताई, हे हाय तरी काय? रोहिणी म्हणाली, आपण ठरवू ते. तीन आठवडे ती रोज जळोचीला. भंगारातल्या व्हॅनचा रेडिएटर आणि पंखा पुढं बसवला. फवारणीच्या पंपाची टाकी मागं बांधून ठिबकच्या नळ्यांनी पट्ट्यावर पाण्याची धार सोडली, बर्फाच्या जागी पाणी उडावं म्हणून. पुढच्या पट्ट्या चिखलात रुतायच्या, तर निळा प्लास्टिकचा पिंप उभा चिरून त्याचे रुंद जोडे केले, वहाणा घालतात तसे. आणि मागं ओढायला? घराच्या गच्चीवरची फुटकी पाण्याची टाकी आडवी कापली, झाली घसरगाडी, बारा क्रेट बसतात! हिमाचलच्या माणसानं बघितली असती तर रडला असता. मी तर अजून त्या गाडीचा फोटो लोकांना दाखवते, त्यांनी विचारलेला नसतानाही.

आणि मग ऑक्टोबर आला. फ्लॉवर असा भरला होता म्हणता, पांढराशुभ्र, घट्ट, दुरडीएवढा गड्डा! सोमवारी तोडा ठरला आणि शुक्रवारी परतीचा पाऊस लागला. तीन रात्री, तीन दिवस. फ्लॉवर वाट बघत नाही हो. तीन-चार दिवस लांबला की पिवळा पडतो, सुटा होतो, मग शेळ्या खातात. सोमवारी ट्रॅक्टर पाणंदीच्या तोंडाशी चाकाच्या अर्ध्यापर्यंत गेला. तोडणीच्या बायकांच्या पुढारी द्वारकाबाई. त्यांनी एक पाय चिखलात घालून बघितला, गुडघ्यापर्यंत गेला, तो दोन्ही हातांनी उपसून काढला आणि म्हणाल्या, चप्पल आत ऱ्हायली, आता मी काय येत न्हाय. आबा छत्री घेऊन रस्त्यावर उभे. लागणीला उसाचं बेणं देणारा माणूस शेजारी उभा होता, बोलावल्यासारखा.

रोहिणीनं गाडी आणली. द्वारकाबाईंना मागच्या घसरगाडीत बसवलं, बाकीच्या चौघींना त्यांच्या मागं. द्वारकाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही कडा धरल्या आणि लग्नाच्या गाडीत बसल्यासारख्या ताठ बसून रानात गेल्या. एक तासानं गाडी परत फिरली, बारा क्रेट भरून. आणि बरोबर ट्रॅक्टर रुतला होता त्याच्या पुढच्या वळणावर ती रुतून बसली. पट्टा फिरतोय, चिखल उडतोय, गाडी जागेवर. रस्त्यावरून कुणीतरी सुरू केलं, "बर्फ कु..." आणि आबांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं! रोहिणी सीटवर उभी राहिली, सगळा भार मागं टाकला, थोडी डावीकडं कलली, हळूहळू रेस वाढवली... दात्यांना खालची घट्ट माती लागली आणि गाडी वर आली, अहो, पाण्यातून म्हैस उठते तशी!

रस्त्याला लागली तेव्हा आबा पुढं झाले. क्रेटमधला एक गड्डा उचलला, उलटा केला, पानं बाजूला करून बघितलं.

"कीड न्हाय," म्हणाले. आमच्या आबांच्या तोंडून एवढं म्हणजे हत्तीवरून मिरवणूक. मग बेण्यावाल्याला म्हणाले, "तू जा रं. रान पोरीचं हाय."

अंधार पडायच्या आत सगळा माल टेम्पोत. त्या दिवशी रोहिणी चिखलानं अशी माखली होती की तिच्या आईनं तिला आवाजावरून ओळखलं, आणि मी रडले, कबूल करते.

इथं संपायला पाहिजे होतं की नाही? पण म्हातारी माणसं संपू देतील तर ना! दुसऱ्या दिवशी झुंबर तात्यांची वांगी त्यांच्या रानात अडकली. तात्या रोहिणीकडं आले का? छे! आबांकडं गेले. आणि आबा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धोतर खोचून, रोहिणीचा गॉगल लावून स्वतः बसले गाडीवर. एकदा बसले ते बसलेच. मग लासुर्ण्यातली निम्मी रानं झाली, मग पाहुण्यांचा फोन आला म्हणून टेम्पोत घालून गाडी कन्हेरीला गेली. जिथं जातील तिथं सांगतात, आमी मनालीवरनं मागवली, हितं जळोचीला सुधरून घेतली, डोकं लागतं त्याला. डोकं लागतं!

आणि परवा पुन्हा पाऊस. रोहिणीच्या फ्लॉवरचा दुसरा तोडा तयार. तिनं कन्हेरीला फोन लावला, अगदी गोड आवाजात विचारलं, आबा, गाडी कधी मिळेल? आबा म्हणाले, "तुझं नाव लिवून ठिवलंय. सातवा नंबर हाय."

जन्मात कधी आबांचं ऐकून न घेतलेली आमची रोहिणी काय म्हणाली असेल? म्हणाली, "बरं आबा." आणि डोक्यावर क्रेट घेऊन पाणंदीतून चालायला लागली.